पांढरे चितळ ही वेगळी जात नव्हे

नागपूरहून पेंच-ताडोबाला जाणाऱ्यांच्या मोबाईलवर वर्षानुवर्षे एक संदेश फिरतो: पांढरे चितळ ही निराळी, दैवी जात आहे. प्रत्यक्षात ते साध्या चितळाचेच पाडस असते. रंगद्रव्याच्या जनुकातील दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आला, तर ठिपकेदार तांबूस मादीच्या पोटीही पांढरे पाडस जन्मते आणि त्याच कळपात चरते. उत्तर अमेरिकेतील एल्क या मोठ्या हरणांमध्येही असे पांढरे किंवा पांढऱ्या डागांचे प्राणी आढळतात. छायाचित्र मोठे करून डोळे, नाकाचा शेंडा आणि खूर नीट पाहावेत. सारे गुलाबी असेल तर तो अल्बिनिझम, म्हणजे अंगात गडद रंगद्रव्य अजिबात नसणे, आणि अंग पांढरे असूनही डोळे काळेभोर असतील तर बहुधा ल्युसिझम, म्हणजे केसांत रंगद्रव्य नसणे किंवा कमी असणे, पण डोळ्यांत ते असणे. एखादाच पांढरा पट्टा मात्र जुन्या जखमेवर उगवलेल्या केसांचाही असू शकतो.