राख पाण्यात गेली तिथे घोडं अडलं

जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोळशावर चालणाऱ्या कोराडी वीज केंद्राचा, राख साठवायचा खसाळ्याचा बंधारा भर पावसात फुटला. करडा गाळ शेतांत शिरला, नाल्यांतून नदीपर्यंत गेला. बातम्या प्रदूषणाच्या होत्या आणि त्या खऱ्याच होत्या. पण राखेसारखी कामाची वस्तू आपणच चिखल करून साठवली होती, हे मला जास्त लागतं.

आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. तीन पोती जाळली की एक पोतं मागे उरतंच. त्यातली बहुतेक धुराबरोबर वर जाते आणि चिमणीआधीच्या यंत्रात अडवली जाते. ही कोरडी राख पिठासारखी मऊ असते. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर जो चुना सुटतो, त्याला ती धरते आणि काँक्रीट आणखी घट्ट करते. अमेरिकेत हंग्री हॉर्स धरणात (१९४८–५३) ती वापरली गेली, आपल्याकडे रिहांद धरणातही. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. पण जुन्या केंद्रांत भट्टीच्या तळाची जाड राख आणि ही बारीक राख पाण्यात कालवून नळांतून बंधाऱ्यात सोडणं सोपं पडलं. एकदा मिसळली की सिमेंटवाले तिच्याकडे बघेनात. १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निघाली आणि वापर दहा टक्क्यांच्याही आत होता.

१९९४ मध्ये केंद्र सरकारने फ्लाय ॲश (म्हणजे ही बारीक राख) मिशन सुरू केलं. १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख घालायला सांगितलं. पुढे ही हद्द वाढत गेली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतःचं राख धोरण आणलं. २०२१-२२ चा सरकारी आकडा ९६ टक्के वापराचा आहे. मात्र त्यात खड्डे आणि जुन्या खाणी भरणंही मोजतात. त्याला मी वापर म्हणणार नाही.

बंधाऱ्यावर एक गोष्ट बघण्यासारखी असते. वारा ज्या काठाला लोटतो, तिथे पाण्यावर पांढुरकी साय जमते. ते सेनोस्फिअर, आतून पोकळ असलेले काचेसारखे गोळे. डोळ्यांना नुसती भुकटी दिसते, पण ओंजळीत घेतली तर वजनच लागत नाही. राखेत ते टक्का-दोन टक्केच असतात. पण रंग, हलकं प्लास्टिक आणि तेलविहिरींचं सिमेंट यांत लागतात, म्हणून साध्या राखेपेक्षा कितीतरी महाग जातात. पाण्यात घातल्यामुळे सापडलेलं एवढंच!

राखेतल्या धातूंचा शोधही जुना आहे. पोलंडमध्ये १९५० च्या दशकातच राखेतून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, काढायचे प्रयत्न झाले. आपल्याकडे जानेवारी २०२५ च्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानात राखेतून दुर्मीळ खनिजं काढण्याचे प्रायोगिक प्रकल्प आले. त्याआधी, डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने बंधाऱ्यांत साचलेली जुनी राख दहा वर्षांत उचलायला सांगितली आहे. ती उचलताना आधी चाळून, वेगळी करून बघितली पाहिजे. थेट खड्ड्यात ओतली, तर ती दुसऱ्यांदा वाया जाईल.