नवजात शिशू परिचर्येत पीएच.डी.: पुण्यातल्या नर्सेससाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

पीएच.डी.च्या अर्जात विषय म्हणून 'नर्सिंग' एवढंच येतं. एमएससीच्या शाखा पाहिल्या तर मेडिकल-सर्जिकल, चाइल्ड हेल्थ, प्रसूती व स्त्रीरोग, कम्युनिटी आणि मेंटल हेल्थ अशा पाच. एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं काम यांतल्या चाइल्ड हेल्थमध्ये मोडतं. म्हणजे तुमची डॉक्टरेट नवजात बाळांची ठरते ती तुमच्या विषयामुळे, गाईडमुळे आणि जिथून माहिती गोळा करणार त्या युनिटमुळे. जाहिरातीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा हे तिन्ही आधी जुळवा. फॉर्म भरणं त्यामानाने किरकोळ आहे.

पुण्यात राहून तीन मार्ग दिसतात. पहिला, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. शहरातली बरीच नर्सिंग कॉलेजं त्याला संलग्न आहेत, पण संलग्न कॉलेज म्हणजे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र नव्हे, ते वेगळं तपासावं लागतं. दुसरा, अभिमत (स्वतः पदवी देणाऱ्या 'डीम्ड') विद्यापीठांचा: धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, लवळ्याचं सिम्बायोसिस. तिसरा, भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय कन्सोर्टियमचा, म्हणजे संस्थांच्या एकत्रित पीएच.डी. योजनेचा. त्याची पदवी बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

पात्रतेचा पाया म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022 चे नियम. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना पाच टक्क्यांची सूट. याच नियमांत चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर थेट पीएच.डी.ची वाट आहे, आणि बीएससी नर्सिंग चार वर्षांचंच, म्हणून अनेकजणी आशेने विचारतात. नर्सिंगमध्ये मात्र विद्यापीठं सहसा एमएससीच मागतात, तेव्हा त्या कलमाच्या भरवशावर राहू नका. नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा वॉर्डात फार उपयोगी पडतो, पण तो एमएससीची जागा घेत नाही.

प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर, पास व्हायला 50 टक्के. निवडीत लेखी परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. वर्षानुवर्षं एनआयसीयूत काढलेल्या सिस्टर विषयात सहज तरतात आणि संख्याशास्त्रात अडकतात. अभ्यासाचा वेळ तिकडे जास्त द्या.

नोकरी सोडायची नसेल तर अर्धवेळ नोंदणी करता येते. त्यासाठी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, ड्यूटी सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळं केलं जाईल. 'आमची हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं पत्र परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून मसुदा स्वतःच तयार करून मेट्रनच्या टेबलावर ठेवलेला बरा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. मात्र या नियमांत बसत नाही, कुणी कितीही गोड बोलून विकत असलं तरी.

कागदपत्रांत दहावी-बारावीपासून एमएससीपर्यंतच्या गुणपत्रिका आणि पदव्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं मुदतीतलं नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, आधार, फोटो आणि संशोधनाचा आराखडा. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. राखीव प्रवर्गातून अर्ज करत असाल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेयर. घोळ होतो तो नावाचा. बीएससी माहेरच्या नावाने, कौन्सिलची नोंदणी सासरच्या, आधारवर तिसरंच काही! विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात ते मिळत नाही.

आता गाईड. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून भेटायला गेलात की जागा रिकामी आहे का आणि निवृत्ती कधी, हे दोन्ही विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण मध्येच गाईड बदलणं त्याहून अवघड. काही विद्यापीठं गाईडचं संमतीपत्र अर्जासोबत मागतात, काही मुलाखतीनंतर गाईड देतात.

युनिटचा विचार तितकाच बारकाईने करा. समजा तुम्हाला 1500 ग्रॅमखालच्या बाळांच्या कांगारू मदर केअरवर (बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्यावर) काम करायचंय आणि तुमच्या रुग्णालयात तशी बाळं महिन्याला चार-पाचच येतात. दीडशेचा नमुना जमवायला निदान अडीच वर्षं जातील, आणि त्यातले काही पालक नकार देणार, काही बाळं दुसरीकडे हलवली जाणार. मग एक तर विषय बदला नाहीतर दुसरं रुग्णालय जोडा. चिकाटीने बाळांचा मागोवा घेण्याची पुण्यात चांगली परंपरा आहे: केईएम रुग्णालयातून 1987 ते 1989 या काळात घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. तीन वर्षांच्या पीएच.डी.त तेवढं होणार नाही, पण घरी गेलेल्या बाळाला पुन्हा तपासणीला आणण्याची व्यवस्था आराखड्यात असायला हवी.

प्रवेशानंतर किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. एकूण मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण व बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. पूर्णवेळ करणाऱ्यांनी बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती पाहाव्यात. पहिल्या दोन्ही संस्थांची मुख्यालयं पुण्यातच आहेत.

आराखडा मंजूर झाला तरी लगेच एनआयसीयूत शिरता येत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी, दुसरं रुग्णालय जोडलं असेल तर त्याचीही परवानगी. बाळाच्या वतीने संमती आईवडील देतात, म्हणून संमतीपत्र त्यांना कळेल अशा मराठीत लिहा. सिझेरियन होऊन चार तास झालेल्या बाईपुढे सही करायला कागद धरू नका, तिला वेळ द्या. आणि तुमचा अभ्यास एखादा उपाय करून पाहण्याचा असेल, तर सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिलं बाळ अभ्यासात घेण्याआधी झालेली असली पाहिजे. 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.