शहरी पाण्यातील प्रतिजैविकरोधी जिवाणू (पुणे)

शहरातील नद्या, ओढे, नाले, तलाव, विहिरी आणि मैलापाण्यात आढळणाऱ्या, एक वा अनेक प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक औषधांना) दाद न देणाऱ्या जिवाणूंना ही संज्ञा लावतात. हे जिवाणू आणि त्यांच्यातील रोधक जनुके या दोहोंचा विचार येथे एकत्रच करावा लागतो. जिवाणू मेला तरी जनुक दुसऱ्या जिवाणूत जाऊन टिकू शकते, त्यामुळे पाण्यात ‘जिवंत किती’ एवढे मोजून भागत नाही. पुण्याच्या मुठा नदीचा या दृष्टीने सखोल अभ्यास झालेला आहे, म्हणून हे शहर या विषयातले महत्त्वाचे उदाहरण ठरते.

प्रतिजैविकरोध माणसाने निर्माण केलेला नाही. बहुतेक जुनी प्रतिजैविके मातीतल्या बुरशीपासून आणि जिवाणूंपासूनच मिळाली. ती बनवणाऱ्या व त्यांच्या शेजारी राहणाऱ्या जिवाणूंनी बचावाचे उपायही फार पूर्वीच शोधले होते. सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या, कॅनडाच्या युकॉन भागातल्या मातीतही रोधक जनुके सापडली आहेत. पुणेकरांना मातीतल्या या औषधनिर्मितीची ओळख करून द्यायला नको. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तर बनलेच, शिवाय पिंपरीच्याच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले गेले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, गावाचे नाव आजही आहे. नवे काय घडले असेल तर ते प्रमाण. मातीत कुठेतरी विखुरलेली जनुके माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंत शिरली आणि गटारांतून लाखोंच्या संख्येने एकत्र वाहू लागली.

माणसाने घेतलेले प्रतिजैविक सगळेच्या सगळे शरीरात संपत नाही. अमॉक्सिसिलिनच्या मात्रेचा निम्म्याहून अधिक भाग काही तासांत लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचेही साधारण तसेच आहे. औषध घेणाऱ्याच्या आतड्यात जे जिवाणू टिकून राहतात, ते विष्ठेतून त्याच गटारात येतात. घरांचे, रुग्णालयांचे, कत्तलखान्यांचे आणि गोठ्यांचे पाणी पुढे एक होते. जंतुनाशक फिनाइल, साबण आणि तांबे-जस्तासारखे धातूही त्यात मिसळतात. धातू किंवा जंतुनाशक सोसण्याचे जनुक आणि प्रतिजैविक सोसण्याचे जनुक पुष्कळदा एकाच डीएनएच्या तुकड्यावर शेजारी शेजारी असते. त्यामुळे औषध अत्यल्प असले तरी बाकीच्या रसायनांमुळेच रोधक जिवाणूंचे फावते.

जनुकांची ही देवाणघेवाण समजली की नाल्याकडे पाहण्याची नजर बदलते. जिवाणूंत मूळ गुणसूत्राव्यतिरिक्त डीएनएची छोटी वर्तुळे असतात, त्यांना प्लाझमिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की एकाच्या प्लाझमिडची प्रत दुसऱ्याकडे जाते. दोघे एकाच जातीचे असण्याची गरज नसते. एका प्लाझमिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके ओळीने बसलेली असू शकतात. मेलेल्या जिवाणूचा सुटा डीएनए उचलून घेणे आणि जिवाणूभक्षी विषाणूंमार्फत जनुक पोचणे, हेही मार्ग आहेत. नदीच्या तळाचा गाळ आणि पाइपांच्या आतला बुळबुळीत थर यांत जिवाणू दाटीवाटीने राहतात, अन्न मुबलक असते आणि हे हातउसने व्यवहार अखंड चालू राहतात. घेतलेले जनुक परत करण्याची मात्र वेळ येत नाही. देणाऱ्याकडेही ते राहतेच.

मुठेची स्थिती नीट समजण्यासाठी तिचे पाणी कुठून येते ते पाहावे लागते. टेमघर, वरसगाव आणि पानशेत धरणांचे पाणी खडकवासल्याला जमते आणि तेथून पिण्यासाठी व शेतीसाठी कालव्याने आणि बंद नळाने निघून जाते. पावसाळ्यात विसर्ग सुटतो तेवढे दिवस सोडले, तर शहरातील पात्रात धरणाचे पाणी फारसे उतरत नाही. विठ्ठलवाडीपासून ओंकारेश्वर ओलांडून मुळा नदीशी होणाऱ्या संगमापर्यंत वाहते ते बहुतांशी शहराने वापरून टाकलेले पाणी असते. आंबिल ओढा आणि नागझरी हे एकेकाळचे ओढे आज त्यात भर घालतात. मुळेला दापोडीजवळ पवना मिळते, औंधच्या बाजूने रामनदी मिळते, आणि त्यांची कहाणीही वेगळी नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुठेच्या तळाच्या गाळातील सगळ्याच डीएनएचे वाचन करण्यात आले. शहराच्या वरच्या अंगाच्या गाळाशी तुलना केली असता शहरातील गाळात रोधक जनुकांचे सापेक्ष प्रमाण तब्बल ३० पट निघाले. एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी १७५ प्रकारची रोधक जनुके आढळली. त्यांत एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ऑक्सा-४८ आणि आयएमपी हे गट होते. कार्बापेनेम ही अतिदक्षता विभागातली राखीव औषधे निकामी करणारी विकरे (एन्झाइम) या गटांतील जनुके तयार करतात. असिनेटोबॅक्टर या प्रजातीचे जिवाणू काही नमुन्यांत एकूण जिवाणूंच्या २९ टक्क्यांपर्यंत होते. व्हेंटिलेटरवरील रुग्णांना न्यूमोनिया करणारा म्हणून डॉक्टर या प्रजातीला ओळखतात. एक निष्कर्ष मात्र उलटा निघाला. कोलिस्टिन या अखेरच्या औषधाविरुद्धचे एमसीआर-१ हे जनुक शहरातल्या नमुन्यांत सापडले नाही, वरच्या अंगाच्या एकाच नमुन्यात सापडले. म्हणजे शहराच्या वर नदी निर्मळच असते असे धरून चालता येत नाही.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूशी या निष्कर्षांची तुलना उद्बोधक आहे. तेथील औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात २००७ च्या अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले होते. मुठेच्या अभ्यासाने बोट ठेवले ते शहराच्या प्रक्रियाविना वा अर्धवट प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यावर. एखाद्या कारखान्याला टाळे ठोकता येते. लाखो घरांच्या संडासांतून येणाऱ्या पाण्याबाबत तसे करता येत नाही, आणि म्हणूनच पुण्याचे उदाहरण भारतातल्या बहुतेक शहरांना जास्त लागू पडते. दिल्लीतही २०११ मध्ये असेच दिसले होते. रस्त्यावर साचलेल्या व गटारातल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडले होते.

आरोग्याच्या बाजूने पाहता, असा जिवाणू पोटात गेला की लगेच आजार होतोच असे नाही. बहुधा तो आतड्यात गुपचूप मुक्काम करतो. पुढे कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला किंवा शस्त्रक्रिया झाली की त्याची खरी ओळख पटते. नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत आणि शिरेतून इंजेक्शने घेण्यासाठी रुग्णाला दाखल व्हावे लागते. केवळ जिवाणूंच्या औषधरोधामुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. नदीच्या वाळवंटात खेळणारी मुले, नाल्यात उतरणारे सफाई कामगार, पात्रात गुरे धुणारे आणि नदीच्या पाण्यावर पालेभाजी पिकवणारे शेतकरी यांचा या पाण्याशी रोजचा संबंध येतो. त्यांच्याकडे सर्वप्रथम लक्ष जायला हवे.

मैलाशुद्धीकरण केंद्र, लोकांच्या बोलण्यात ‘एसटीपी’, हा येथला मुख्य बंधारा आहे. पण त्याचे गणित नीट समजून घ्यायला हवे. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतील जिवाणू एक कोटीच्या घरात असू शकतात. केंद्राने त्यांतले ९९ टक्के काढले तरी एक लाख उरतात. स्नानाच्या पाण्यासाठीची भारतातली कमाल मर्यादा आहे २,५००. म्हणून शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांची पायरी लागतेच, आणि वीज व देखभाल यांअभावी हयगय होते ती याच पायरीवर. काढलेले जिवाणू नाहीसे होत नाहीत, बरेचसे केंद्रातल्या गाळात जातात. तो गाळ न कुजवता शेतात टाकला तर जनुके जमिनीत पोचतात. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाहाय्याने २०१६ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत ११ नवी केंद्रे आणि रोज ३९.६ कोटी लिटर क्षमता धरलेली आहे. नदीकाठ सुशोभित करण्याच्या ४४ किलोमीटरच्या योजनेवर शहरात जितकी चर्चा होते, तितकी या केंद्रांवर व्हायला हवी. नदीच्या गाळातल्या जनुकांना दगडी काठाने काही फरक पडत नाही.

नियमांतली मोठी उणीव मोजणीत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतील जिवाणू एकही आढळता कामा नये. पण नदी वा केंद्राच्या पाण्यात आढळलेला ई. कोलाय कोणत्या औषधांना जुमानत नाही, हा प्रश्न नेहमीच्या तपासणीत विचारलाच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणूस, अन्नसाखळी आणि पाणी अशा तीनही ठिकाणी एकाच प्रकारच्या रोधक ई. कोलायची मोजणी करण्याची सोपी पद्धत सुचवली आहे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसरसारख्या संस्था असलेल्या पुण्याला ती अवघड नाही. करोनाच्या काळात येथे मैलापाण्यातून विषाणूचा माग काढला गेलेलाच आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचा अंश किती असावा याच्या मर्यादा केंद्र सरकारने २०२० च्या मसुद्यात दिल्या होत्या, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. कोंबड्या व जनावरांना कोलिस्टिन देण्यावर मात्र २०१९ पासून बंदी आहे.

संगमापासून मुळा-मुठा एक होऊन बंडगार्डन, मुंढवा असे करत पूर्वेला जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (उपसा विहिरीतून) प्रक्रिया केलेले पाणी जुन्या बेबी कालव्यात उचलले जाते आणि हवेली-दौंडकडच्या शेतांना मिळते. उरलेली नदी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात साठते. उजनीतून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी जाते. आषाढीच्या आधी याच धरणातून सोडलेले पाणी पंढरपूरला चंद्रभागेत पोचते, आणि भवानी व नाना पेठेत पालख्यांबरोबर मुक्काम करून गेलेले वारकरी तेथे त्यात स्नान करतात.