उद्याचं कळत नाही, मग चार महिन्यांचं कसं कळणार?

ठाण्यात पावसाळा जवळ आला की हवामान खात्याच्या हंगामी, म्हणजे चार महिन्यांच्या पावसाच्या अंदाजाला हा टोमणा ठरलेला. ऐकायला बिनतोड वाटतो, पण चुकीचा आहे.

उद्याचा पाऊस आजच्या हवेच्या स्थितीवर ठरतो. तिच्या मोजमापातली बारीकशी चूकही वाढत जाते, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी पाऊस पडेल असं सांगता येत नाही. हंगामी अंदाज तसं सांगतच नाही. तो बघतो समुद्राकडे. काही वर्षी विषुववृत्ताजवळ पॅसिफिक महासागराचं पाणी महिनोन्‌महिने नेहमीपेक्षा तापलेलं राहतं (हाच एल निनो), आणि त्याने आपल्या मोसमी पावसाचं पारडं कमतरतेकडे झुकतं. झुकतं एवढंच, १९९७ साली एल निनो जोरदार होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.

शिवाय या अंदाजातला ‘सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के’ असा आकडा अख्ख्या देशाचा असतो. पावसाळ्यातली देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, ठाण्याची त्याच्या दुपटीहून जास्त. त्यावरून वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबेल का, हे विचारू नये. त्यासाठी रोजचा इशारा बघावा. मोरबे, बारवी धरणांचं पाणी जूनअखेरपर्यंत कसं पुरवायचं, पीकविम्याची तरतूद किती, हे ठरवताना मात्र असा झुकावही कामाचा असतो.