न पुसला जाणारा लोगो

पाच-सहा वर्षं एकच बातम्यांचं चॅनेल बघितलेल्या ओएलईडी टीव्हीवर एकदा पूर्ण करडा रंग लावून बघा. खाली आडवा मळकट पट्टा, कोपऱ्यात लोगोची पुसट सावली. सिनेमा चालू असताना हे कधी जाणवलेलंही नसतं, कारण हलत्या चित्रांच्या गर्दीत ते लपून जातं.

याला बर्न-इन म्हणतात, पण जळलेलं काहीच नसतं. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. वीज वाहिली की सेंद्रिय रेणूंचा पातळ थर प्रकाश देतो, आणि ते करता करता त्यातले काही रेणू कायमचे निकामी होतात. मग तेवढ्याच विजेवर उजेड कमी पडतो. सगळा पडदा सारखाच झिजला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. लोगोची जागा मात्र रोज तासन्‌तास राबते आणि शेजाऱ्यांच्या आधी थकते. त्यातही निळ्याचे हाल जास्त. लाल प्रकाशकणाची ऊर्जा साधारण 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर निळ्याची 2.7च्या आसपास. एवढी ऊर्जा रेणूंचे बंध तोडायला हातभार लावते.

खरा भाजलेला डाग पडायचा तो जुन्या काचनळीच्या टीव्हीवर. नळीतले जड आयन, म्हणजे विद्युतभारित अणू-रेणू, इलेक्ट्रॉनांचा झोत वळवणाऱ्या चुंबकाला फारसे दाद देत नसत. ते सरळ जाऊन मधोमध आदळत आणि तिथे तपकिरी ठिपका उमटे. फॉस्फरमागे, म्हणजे पडद्याच्या आतल्या उजळणाऱ्या लेपामागे, ॲल्युमिनियमचा पातळ थर आला आणि ही पीडा टळली. फॉस्फरची झीज मात्र राहिलीच. अटारीच्या 1979 सालच्या घरगुती संगणकांना काही मिनिटं कुणी हात लावला नाही, की ते आपणहून पडद्याचे रंग बदलत राहायचे, ते यासाठीच.

एलसीडीचं दुखणं वेगळं आहे. तिथे उजेड मागून येतो, द्रवस्फटिक फक्त त्याला वाट देतात किंवा अडवतात. एकच चित्र फार वेळ राहिलं की त्यातले भटके आयन एका बाजूला गोळा होतात आणि जुनं चित्र रेंगाळतं. बहुतेक वेळा थोड्या वेळाने ते आपोआप विरतं. त्याला बर्न-इन म्हणून घाबरून जाऊ नये.

ठसे घालवायचे म्हणून रंगांची उघडझाप करणारे व्हिडिओ मिळतात. एलसीडीवर त्यांचा थोडाफार उपयोग होईलही. ओएलईडीवर झिजलेले रेणू काही परत येत नाहीत. झालंच तर उरलेला पडदाही लोगोइतका झिजेल!

टीव्हीची स्वतःची युक्ती बरी. रिमोटने बंद केल्यावर बरेच ओएलईडी टीव्ही अधूनमधून पिक्सेलची विद्युत तपासणी करतात आणि थकलेल्यांना जास्त वीज द्यायचं ठरवतात. त्यासाठी टीव्ही बंद केल्यावरही भिंतीवरची वीज चालू लागते. झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्तीची सवय नेमकी इथे नडते.