ज्वालामुखी विवरदर्शन

जागृत ज्वालामुखीच्या माथ्यावर चढून त्याचे वाफाळते विवर काठावरून पाहणे म्हणजे विवरदर्शन. मराठी माणसाला ‘विवर’ म्हटले की आधी लोणार आठवते; पण लोणारचा खड्डा आकाशातून आदळलेल्या अशनीने बेसाल्टच्या कातळात पाडला आहे. ज्वालामुखीचे विवर हे शिलारस आणि वायू बाहेर पडण्याचे तोंड असते.

खालून पाहणाऱ्याला जो धूर वाटतो, त्यात मोठा वाटा वाफेचा असतो. काही वाफ शिलारसातून सुटते, काही मुरलेले पावसाचे पाणी तापून तयार होते. तिच्यासोबत येणारे वायू ओळखता यायलाच हवेत. सल्फर डायऑक्साइड आगपेटीची काडी ओढल्यासारखा नाकाला झोंबतो, खोकल्याची उबळ आणतो. कार्बन डायऑक्साइडला वासच नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने खळग्यांत साचून राहतो, म्हणून दमल्यावर खोलगट जागी बसू नये. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणून निर्धास्त झालेला माणूस खरा संकटात असतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आंघोळ केलेल्या मुंबईकराला गंधकाचा वास ओळखीचा असतो. तिथे मात्र ज्वालामुखी नाही. भेगांतून खोल उतरलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून वर येते.

मराठी प्रवाशाला सर्वांत जवळचे वाटावे असे विवर म्हणजे जावा बेटावरचे ब्रोमो (उंची २,३२९ मीटर). राखेचे विस्तीर्ण मैदान ओलांडून पायऱ्या चढल्या की काठ येतो आणि तिथे चक्क गणपतीची मूर्ती बसलेली आहे. परिसरातील टेंगर लोक हिंदू असून कसादा उत्सवात भाजीपाला, धान्य, कोंबड्या विवरात अर्पण करतात. आतल्या उतारावर काही जण जाळी घेऊन उभे असतात आणि वरून पडणारा नैवेद्य झेलतात. पाठीमागे वाफ उसळतच असते.

वाफेचे खरे भय तिच्या अचानकपणात आहे. अडकलेले पाणी एकाएकी वाफ होऊन फुटले, तर शिलारस वर न येताही स्फोट होतो आणि त्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. जपानच्या ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी असेच घडले. ६३ जण मृत वा बेपत्ता झाले. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर स्फोट झाला, तेव्हा तिथे ४७ जण होते, त्यांतील २२ दगावले. अधिकाऱ्यांनी वाट बंद केली असेल तर मुकाट मागे फिरावे. विमानाचे तिकीट वाया जाईल ही सबब तिथे कामाची नाही.

भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. दीर्घ निद्रेनंतर तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. सेल्युलर जेल पाहायला मराठी माणसे अंदमानात आवर्जून जातात. हे बेट मात्र बोटीतूनच पाहायचे, वर उतरता येत नाही.

मुंबईत वाफाळणारे विवर नाही, पण शहर ज्वालामुखीच्याच दगडावर उभे आहे. दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून पसरला, त्यामुळे इथे शंकूसारखा डोंगर शोधण्यात अर्थ नाही. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी मात्र प्रत्येक मुंबईकराने एकदा तरी पाहावी. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजताना आकसला, तडकला आणि त्याचे बहुकोनी उभे खांब झाले. आजूबाजूचा दगड खाणींनी पोखरून नेला. उरलेला साधारण ६० मीटरचा सुळका इमारतींच्या गर्दीत एकटा आहे. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. पायथ्याशी उभे राहून मान वर केली, की एकमेकांना चिकटलेल्या काळ्या खांबांच्या कडा थेट वरपर्यंत गेलेल्या दिसतात.