स्पायर आणि अँटेना: इमारतीच्या उंचीत काय धरायचं, काय नाही

ठाण्याच्या घोडबंदर रोड किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरच्या एखाद्या टॉवरच्या माथ्यावर पोलादी दांडा दिसला की त्याला कुणी स्पायर (इमारतीचा निमुळता सुळका) म्हणतं, कुणी अँटेना. खालून दोन्ही सारखेच दिसतात. पण जगातल्या सर्वात उंच इमारतींची क्रमवारी बऱ्याचदा याच फरकावर ठरते. स्पायरचे मीटर इमारतीच्या खात्यात जमा होतात, अँटेनाचे होत नाहीत.

ही क्रमवारी सीटीबीयूएच (काउन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट) या नावाने ओळखली गेलेली शिकागोची संस्था ठरवत आली आहे. पायी येणाऱ्यांसाठी उघड्यावर असलेल्या प्रमुख प्रवेशद्वारांपैकी सर्वात खालच्या दाराच्या पातळीपासून मोजायला सुरुवात करायची आणि वास्तुरचनेच्या टोकापाशी थांबायचं. स्पायर या रचनेचा भाग धरला जातो. अँटेना, ध्वजस्तंभ, जाहिरातीचे फलक आणि तांत्रिक उपकरणं वगळली जातात. देवळाचा कळस देवळाचा असतो, त्यावरचा ध्वज मात्र दरवर्षी बदलता येतो, तसंच हे. शिकागोच्या सीअर्स टॉवरची (आताचा विलिस टॉवर) पश्चिमेकडची अँटेना 2000 साली वाढवली आणि टोक 527 मीटरवर गेलं, पण इमारतीची अधिकृत उंची 442 मीटरच राहिली. तंत्रज्ञान बदललं की अँटेना बदलणार. तिच्यावर विक्रम बेतला तर यादी सारखी हलत राहील.

नियमाला तर्क आहे, पण त्यातून निघालेले निकाल सगळ्यांना पटतात असं नाही. क्वालालंपूरच्या 88 मजली पेट्रोनास जुळ्या मनोऱ्यांची स्पायरसह उंची 451.9 मीटर. 110 मजल्यांचा सीअर्स टॉवर नुसत्या छताच्या हिशेबाने पेट्रोनासच्या शेवटच्या मजल्यापेक्षा बराच वर आहे, तरीही 1990च्या दशकात पहिला क्रमांक पेट्रोनासकडे गेला. त्यावर एवढा वाद झाला की उंचीचे वेगवेगळे प्रकार स्वतंत्रपणे नोंदवावे लागले. आज त्यांतले तीन उरले आहेत: वास्तुरचनेचं टोक, सर्वात वरचा वापरातला मजला आणि अँटेनासकट अगदी शेवटचं टोक.

खरी कसोटी लागली न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरला. छत 417 मीटरवर आणि वर सुमारे 124 मीटरचा मास्ट (उभा दांडा), मिळून 541.3 मीटर, म्हणजे 1776 फूट. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल गाठण्यासाठी हा आकडा मुद्दाम साधलेला आहे. मूळ आराखड्यात मास्टभोवती फायबरग्लासचं आवरण होतं. त्याची देखभाल अवघड, म्हणून 2012मध्ये ते रद्द झालं आणि आतला सांगाडा उघडा पडला. मग प्रश्न उभा राहिला, की आवरण गेल्यावर हा स्पायर उरतो की नुसती अँटेना? अँटेना ठरली असती तर इमारत 417 मीटरवर घसरली असती आणि अमेरिकेतला पहिला क्रमांक विलिस टॉवरकडेच राहिला असता. नोव्हेंबर 2013मध्ये संस्थेच्या समितीने तो स्पायर असल्याचा निकाल दिला. पुढे त्याच मास्टवर टीव्ही प्रसारणाच्या अँटेनाही बसल्या, तरी निकाल तोच. म्हणजे दांड्यावर काय टांगलंय याला महत्त्व नाही, दांडा कायमचा आणि रचनेतला आहे का, हे पाहायचं.

बुर्ज खलिफाच्या बाबतीत हा वाद होत नाही. त्याचा स्पायर 4000 टनांहून जास्त पोलादाचा आहे. तो इमारतीच्या आत जोडून हायड्रॉलिक जॅकने वर ढकलला गेला, त्यामुळे तो रचनेतूनच उगवलेला आहे. मात्र 828 मीटरपैकी सर्वात वरचा वापरातला मजला सुमारे 585 मीटरवर आहे. वरच्या 240हून जास्त मीटरमध्ये कुणी राहत नाही, बसत नाही. 632 मीटरच्या शांघाय टॉवरचा वापरातला मजला सुमारे 583 मीटरवर आहे. माणूस किती उंच जाऊन उभा राहू शकतो एवढंच विचारलं, तर 196 मीटरची आघाडी दोनेक मीटरवर येते. आमच्या मते इमारतीबद्दल जास्त खरं बोलणारा आकडा हाच.

समोरच्या टॉवरवर काय आहे हे ओळखायचं असेल तर टोकाकडे पाहू नका, बुडाकडे पाहा. स्पायरचा सांगाडा सहसा खालच्या कोअरमधून (इमारतीच्या मधल्या गाभ्यातून) किंवा छताच्या रचनेतून सलग वर येतो आणि मंजूर एलिव्हेशनमध्ये (दर्शनी बाजूच्या नकाशात) काढलेला असतो. अँटेना बेस प्लेट आणि अँकर बोल्टवर उभी असते, कधी ताणाच्या तारांनी बांधलेली, आणि तिच्याकडे केबलचा जुडगा जातो.

ठाणे-नवी मुंबईत या वादाला काही किंमत आहे का? महापालिकेच्या लेखी दोन्ही सारखेच. बांधकाम नियमावलीत सपाट छताच्या इमारतीची उंची शेवटच्या राहत्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत मोजतात आणि निव्वळ सजावटीचे भाग सोडून देतात. शिकागोत ज्या सजावटीला गुण मिळतात, तिला इथे शून्य.

विमानतळ प्राधिकरणाचा हिशेब याच्या नेमका उलट. उंचीच्या ना-हरकत दाखल्यात अँटेना, लायटनिंग अरेस्टर (वीज झेलून जमिनीत उतरवणारी दांडी), जिन्याची खोली, ओव्हरहेड टाकी यांपैकी काहीही परवानगीच्या पातळीच्या वर जाता कामा नये, अशी स्पष्ट अट असते. विमानाला स्पायर आणि अँटेना सारखेच आडवे येतात. इथे लोक हमखास एका गोष्टीत फसतात. दाखल्यातला आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, जमिनीपासूनचा नाही. समजा, मंजूर पातळी 150 मीटर आहे. खाडीलगतच्या 5 मीटर उंचीच्या प्लॉटवर 145 मीटर बांधता येईल, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी 30 मीटरवरच्या प्लॉटवर फक्त 120. या 120मध्ये लिफ्टची मशीन रूम, टाकी आणि त्यावरचा अरेस्टर सगळं बसवायचं. आर्किटेक्टने गच्चीपर्यंतच 120 वापरले, तर टाकीला जागा उरत नाही आणि शेवटचे दोनतीन मजले कापावे लागतात.

पूर्ण झालेल्या सोसायटीत गोंधळ होतो तो मोबाइल कंपनी गच्चीवर खांब उभारायला येते तेव्हा. खांब टाकीच्या छतावर उभा करण्याचा आग्रह असतो, कारण तिथे फुकटची उंची मिळते. पण टाकीचा स्लॅब वाऱ्याने उलटू पाहणाऱ्या खांबासाठी डिझाइन केलेला नसतो, आणि अँकर बोल्टसाठी पाडलेली भोकं वॉटरप्रूफिंग फोडतात. मग पहिल्या मोठ्या पावसात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत गळायला लागतं. शिवाय नवा खांब जुन्या अरेस्टरपेक्षा उंच झाला, तर वीज आधी खांबावर येते, म्हणून अरेस्टर आणि त्याची अर्थिंगपर्यंतची पट्टी नव्याने तपासावी लागते. करारावर सही करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या, आणि प्लॉटची पातळी, गच्चीची उंची आणि खांबाची लांबी यांची बेरीज ना-हरकत दाखल्यातल्या आकड्याच्या आत बसते का, ते पाहा.